मी तर बाहेर जाऊन ओढतो की! : वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

मागच्या अंकात पोरांच्या दम्यावर दोन ओळी काय लिहिल्या, प्रश्नांचा ढीगच पडला. निपाणी, चिक्कोडी, खानापूर आणि आपलं बेळगाव. पत्रं वेगवेगळी, पण एक वाक्य बहुतेक सगळ्यांत कुठल्या ना कुठल्या रूपात आहेच, "घरात नाही ओढत हो, बाहेर जाऊन ओढतात". म्हणून या वेळी विषय एकच, बिडी-सिगरेटचा धूर आणि पोरांचा दमा, खोकला-सर्दीचे बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत. नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, मी निपाणीहून लिहितेय. मुलगा एसएसएलसीला, म्हणजे दहावीला आहे, सोळावं लागलंय. सात वर्षांचा असल्यापासून दमा आहे पण मध्ये तीन-चार वर्षं बरा होता. आता दोन महिने झाले, रात्री तीन-साडेतीनला उठून खोकूलालाय, छातीत मांजर बसल्यागत घुरघुर, निळा पंप मारला की तेवढ्यापुरतं बरं वाटतंय मग परत तेच. मिस्टर तंबाखूच्या वखारीत दिवाणजी आहेत. दिवसाला आठ-दहा सिगरेटी होतात, पण पोरासमोर कधीच नाही, मागच्या परड्यात नाहीतर जिन्यात उभं राहून ओढतात. सासूबाई म्हणतात पोरगं पेरू खातंय आणि फ्रीजचं पाणी पितंय म्हणून होतंय. नेमकं कशानं होतंय? आणि मिस्टरांना सांगायचं कसं, विषय काढला की चिडतात.

उत्तर : ताई, आधी पेरूला सोडवू. पेरूनं दमा होत नाही. एखाद्याला गार पाण्यानं खोकल्याची उबळ येते, तेवढं पाणी बंद करा, सासूबाईंचाही मान राहील. पण रोज रात्री तीनला उठायचं कारण ते नव्हे.

दम्यात काय होतं, तर श्वासनळ्या आतून कायम थोड्या सुजलेल्या, चिडलेल्या असतात. लहानसं कारण मिळालं की त्यांच्याभोवतीचे स्नायू आवळतात, आत चिकट कफ होतो आणि हवा जायची वाट चिंचोळी होते. तुमची ती मांजर म्हणजे चिंचोळ्या वाटेतनं जाणाऱ्या हवेचा आवाज. रात्री आणि पहाटे नळ्या तशाही थोड्या आवळलेल्या असतात, म्हणून त्रास नेमका तीनला. निळा पंप आवळलेले स्नायू सैल करतो, सूज कमी करत नाही. सूज तिथंच राहते, म्हणून चार तासांनी परत तेच. आठवड्यातनं दोनपेक्षा जास्त वेळा निळा पंप लागतोय किंवा दम्यानं रात्री उठायला लागतंय म्हणजे दमा ताब्यात नाही. वर्षाला तीन निळे पंप संपत असतील तर अटॅक येऊन दवाखान्यात पळायची पाळी येण्याचा धोका वाढतो, तेव्हा आधी घरातले रिकामे डबे मोजा. सूज उतरवणारं औषध वेगळं असतं, तेही पंपातनंच द्यायचं आणि रोज. ते चालू आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मला वाटतं मधली तीन-चार वर्षं बरी गेली तेव्हा ते बंद झालं असणार, बहुतेकांच्यात असंच होतं.

आता जिन्याचं बघू. सिगरेट पेटवली की दोन प्रकारचा धूर होतो. एक माणूस आत ओढून बाहेर सोडतो तो, आणि दुसरा झुरक्यांच्या मधल्या वेळात नुसत्या जळत्या टोकातनं निघतो तो. आजूबाजूच्यांच्या नाकात जाणारा बराचसा धूर हा दुसऱ्या प्रकारचा, कुठल्या फिल्टरमधनं न गेलेला, आणि मापाला मापानं बघितलं तर जास्त विषारी. तंबाखूच्या धुरात सात हजारांवर रसायनं सापडलीत, त्यातली सत्तरेक कॅन्सर करणारी. जिना म्हणजे घराचं धुराडंच की हो. खालचं दार उघडलं की हवा वर चढते आणि पोराच्या खोलीचं दार जिन्यावरच उघडत असेल, जुन्या घरात असतंच तसं. परडं बरं, पण मागची खिडकी उघडी असली तर तेही तेवढंच. त्यात शेवटचा झुरका मारून माणूस आत आला तरी पुढची काही मिनिटं त्याच्या श्वासातनं धूर बाहेर पडतच राहतो, आणि शर्टाला, केसांना, मिशीला चिकटलेला तो वेगळा. तो पुढं उशीला, चादरीला लागतो. अमेरिकेच्या सर्जन जनरलनी, म्हणजे तिथल्या सरकारच्या मुख्य आरोग्य अधिकाऱ्यांनी, २००६ च्या अहवालात सरळ लिहिलंय की दुसऱ्याच्या धुराचं सुरक्षित असं प्रमाणच नाही. आणि दमा असलेल्या पोराच्या नळ्या आधीच चिडलेल्या, त्यांना थोडंसंही पुरतं.

तुमच्याकडे अजून एक भानगड आहे, तंबाखूचा खकाणा, म्हणजे बारीक धूळ. वखारीत चाळण चालू असली की बाहेरनं जाणारा माणूसही शिंकतो, हे निपाणीकरांना मी काय सांगायचं. तोच खकाणा मिस्टरांच्या कपड्यांवर बसून घरी येतो. कामावरनं आल्या आल्या अंघोळ आणि कपडे बदलणं, ते कपडे घरच्या कपड्यांत न मिसळणं, एवढं तर भांडणाशिवाय होईल. तंबाखूवर अर्ध्या निपाणीचं पोट आहे, १९८१ साली शेतकरी नेते शरद जोशींच्या मागं इथले शेतकरी तंबाखूच्या भावासाठी हायवेवर बसले ते मला ठाऊक आहे, त्यामुळं त्या धंद्याला नावं ठेवत मी बसणार नाही. दिवाणजींनी नोकरी सोडावी असंही म्हणत नाही. सिगरेट ही त्यांच्या नोकरीचा भाग नाही एवढंच.

सांगायचं कसं, हा तुमचा खरा प्रश्न. माझं स्वतःचं सांगतो, मी हॉस्टेलला असताना ओढत होतो, पुढं डॉक्टर झालो तरी ओढत होतो. चार वेळा सोडली, पाचव्यांदा सुटली, आणि त्या चारही वेळेला कुणीतरी "तुमच्यामुळं" हा शब्द वापरला होता. तो शब्द टाळा. त्यापेक्षा असं करा, भिंतीवरचं कॅलेंडर घ्या, पोरगं ज्या रात्री खोकत उठेल त्या तारखेवर पेनानं फुली मारा. काही बोलू नका. पंधरा दिवस नुसत्या फुल्या. मग ते कॅलेंडर त्यांच्यासमोर ठेवा आणि एवढंच म्हणा, पुढचे तीस दिवस घरात, जिन्यात, परड्यात आणि गाडीत, कुठंच नाही, ओढायची झाली तर गल्लीच्या तोंडाला जाऊन, आल्यावर शर्ट बदलायचा, आणि परत फुल्या मोजू. फुल्या कमी झाल्या तर माणूस स्वतःच पुढचं बोलतो असा माझा अनुभव आहे. मात्र सूज उतरवणारं औषध त्या पहिल्या पंधरा दिवसांसाठी अडवून ठेवू नका हं, ते डॉक्टरांना विचारून लगेच चालू करा. फुल्या कशानं कमी झाल्या यावर नंतर नवरा-बायकोत वाद झाला तरी चालेल, पोरगं झोपलेलं असेल.

त्यांना सोडायचीच असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी फुकटचा नंबर आहे, पाकिटावरही छापलेला असतो, मराठी आणि कन्नडमध्येही बोलतात. पहिले दोन-तीन दिवस जास्त वाईट जातात, माणूस खेकसतो, झोप लागत नाही, मग दोन ते चार आठवड्यांत कमी होत जातं. तलफ एकेका वेळेला चार-पाच मिनिटांचीच असते, तेवढी टाळली की जाते. निकोटिनचा च्युइंगम मेडिकलमध्ये मिळतो, पण तो गोळीसारखा किंवा बबलगमसारखा चघळायचा नाही, जरा चावून गालात ठेवायचा. आणि हो, जोरात ओढणाऱ्यानं सकाळी उठल्यावरची पहिली सोडून बघावी, तीच सगळ्यात चिवट असते.

एक महत्त्वाचं, पोराला पूर्ण वाक्य बोलता येत नसेल, एकेक शब्द तोडून बोलत असेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील तर फुल्या-बिल्या सगळं सोडून १०८ ला फोन. गाडी येईपर्यंत ताठ बसवा, आडवं करू नका, निळा पंप स्पेसरमधनं (पंपाला जोडायचं प्लास्टिकचं नळकांडं) एकेक पफ करून चार ते दहा पफ, वीस मिनिटांनी परत.

प्रश्न : सर, मी टिळकवाडीत राहतो, पीयूसी फर्स्ट इयर, म्हणजे अकरावी. मी ओढत नाही, म्हंजे कधीतरी दोन झुरके. कॉलेज सुटल्यावर आमचा ग्रुप चहाच्या टपरीवर उभा राहतो, तिथं सगळे ओढतात मी नुसता उभा असतो. हल्ली लेले ग्राउंडवर फुटबॉल खेळताना दहा मिनिटांत धाप लागते, छाती गच्च होते, शिट्टीसारखा आवाज येतो. आधी असं नव्हतं. एकाकडे वेप आहे, तो म्हणतो ही नुसती वाफ आहे, दम्यावाल्यांना पण चालते. घरी सांगू नका प्लीज.

उत्तर : अरे बाबा, तू नाव लिहिलं नाहीस, मी घरी सांगणार कुणाला?

दहा मिनिटांत शिट्टी वाजायला लागते म्हणजे नुसता स्टॅमिना कमी झालाय असं समजू नकोस. धावल्यावर नळ्या आवळतात, हा दम्याचाच एक चेहरा आहे आणि तुझ्या वयात बऱ्याच पोरांना पहिल्यांदा मैदानावरच कळतं. एकदा फुंकायची टेस्ट करून घे, सिव्हिलला जा नाहीतर कुठल्याही छातीच्या डॉक्टरकडे, रिपोर्ट बघितल्याशिवाय दमा आहे किंवा नाही असं मी इथं बसून लिहिणार नाही. फुटबॉल सोडायचा नाहीये, उलट योग्य औषध चालू असलं तर दम्यावाली पोरं व्यवस्थित खेळतात, नीट वॉर्मअप करून. पण टपरी आणि ग्राउंड दोन्ही एकाच संध्याकाळी नको.

तू "नुसता उभा" म्हणतोस, तर बघ, टपरीला वरनं पत्रा, तिन्ही बाजूंनी पोरं, पावसाळ्यात वर प्लास्टिकचा कागद, त्या खोपटात पाच जण ओढत असले की सहावाही ओढतच असतो, फक्त पैसे देत नाही. देशभरातल्या शाळांत २०१९ साली सर्वे झाला होता, १३ ते १५ वयाची साडेआठ टक्के पोरं कसला ना कसला तंबाखू वापरत होती, आणि दुसऱ्याचा धूर खाणारी निघाली साडेएकोणतीस टक्के. त्या दुसऱ्या आकड्यात तू बसतोस. आणि "कधीतरी दोन झुरके"वाले पहिल्या आकड्यात कधी सरकतात ते त्यांनाही कळत नाही, तुमच्या वयाच्या मेंदूला निकोटिनची सवय मोठ्या माणसापेक्षा लवकर लागते.

फुप्फुसं वाढायची अजून थांबलेली नाहीत तुझी, पोरांची विशीपर्यंत वाढतात. या वयात ओढलं तर ती वाढ खुंटते आणि जी खुंटली ती नंतर सोडली म्हणून सगळी भरून येत नाही. शिवाय ओढणाऱ्या दमेकऱ्याला सूज उतरवणारं औषधही कमी लागू पडतं, ते आणखी वेगळं.

वेपचं, ती वाफ नव्हे. पाणी उकळल्यावर येते ती वाफ. वेपमध्ये निकोटिन, ग्लिसरीन, प्रोपिलीन ग्लायकॉल आणि वासाची रसायनं तापवून त्यांचे बारीक थेंब आत ओढले जातात, नळ्या त्यानंही चिडतात. २०१९ पासून तिची विक्री देशभर बंद आहे, म्हणजे तुझ्या मित्राकडे जे आहे ते चोरटं, आत काय भरलंय ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसणार. "दम्यावाल्यांना चालते" हे सांगणाऱ्या मित्राला माझ्याकडे पाठव.

आणि टपरीवाल्याला सांगितलंस तरी चालेल, कर्नाटकात २०२५ पासून २१ वर्षांखालच्याला तंबाखू-सिगरेट विकणं गुन्हा आहे. कोगनोळी नाका ओलांडून महाराष्ट्रात कागलला गेलं की १८, नाक्याच्या अलीकडे २१, फुप्फुसं मात्र दोन्हीकडे सारखीच.

प्रश्न : साहेब, खानापूर तालुक्यातनं लिहितोय, वय ६८. चाळीस वर्षं बिडी ओढतोय, मला कधी दमा नाही. नातू तेरा वर्षांचा, त्याला दमा आहे, सून मला सोप्यात बिडी ओढू देत नाही. बिडी पानाची असते, कागदाची नाही, त्यात सिगरेटसारखं केमिकल नसतं. सुनेला तुम्ही समजावून सांगा.

उत्तर : आजोबा, समजावतो, पण सुनेला नव्हे.

टेंभुर्णीचं पान धड जळत नाही, म्हणून बिडी विझू नये यासाठी तुम्ही भराभर आणि जोरात ओढता, ते तुमच्या लक्षातही येत नाही आता. तंबाखू सिगरेटपेक्षा कमी असूनही बिडीतनं टार, निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड सिगरेटइतकंच किंवा जास्तच मिळतं, असं मोजलेलं आहे. केमिकल कुणी वरनं घालावं लागत नाही, पान आणि तंबाखू जळली की आपोआप होतं. तुम्हाला दमा नाही हे चांगलंच आहे, पण सकाळी उठल्यावर खोकून खोकून बेडका काढता की नाही? आणि चढ चढताना मध्ये थांबता की नाही? एकदा तपासून घ्या, त्याला दुसरं नाव आहे, सीओपीडी, धुरानं नळ्या बिघडण्याचा आजार.

तुमच्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस असा की दारं-खिडक्या बंद, भिंतींना बुरशी, कपडे वाळवायला चुलीवर टांगलेले, घरात आधीच ओल आणि धूर. त्यात सोप्यातली बिडी. पाऊस आहे म्हणून बाहेर जाता येत नाही, हे तुम्ही म्हणणार, तर गोठ्याच्या वळचणीला जा. सून बरोबर आहे.

प्रश्न : चिक्कोडीहून लिहितेय. मुलगी चौदाची आहे, दमा आहे. डॉक्टरांनी रोजचा पंप सांगितलाय पण आमच्यात सगळे म्हणतात पंपाची सवय लागते, मुलीच्या जातीला पुढं लग्नात अडचण होईल, त्यापेक्षा गोळ्या-सिरप बऱ्या. नणंद म्हणतात हैदराबादला मासळीचं औषध देतात तिथं नेऊ या. घरात कुणी ओढत नाही, पण ऊस तोडल्यावर शेतात पाचट पेटवतात तेव्हा तिला फार होतं.

उत्तर : हिशेब करू. निळ्या पंपाच्या एका पफमध्ये साल्बुटामॉल असतं १०० मायक्रोग्रॅम. तेच औषध ४ मिलिग्रॅमच्या एका गोळीत, म्हणजे ४००० मायक्रोग्रॅम, चाळीस पफ. सिरपच्या पाच मिलीच्या चमच्यात साधारण २ मिलिग्रॅम असतं, म्हणजे वीस पफ. गोळी पोटातनं रक्तात, सगळ्या अंगाला फिरून मग छातीत, म्हणून हात थरथरतात, छाती धडधडते. पंप थेट नळीत. मग "जड औषध" कुठलं? सवयीचं म्हणाल तर चष्म्याची जेवढी सवय लागते तेवढीच. रोजच्या पंपात स्टेरॉइड आहे हे ऐकून घाबरू नका, डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, घेतल्यावर खळखळून चूळ भरून थुंकायची म्हणजे तोंडात पांढरे चट्टे येत नाहीत.

लग्नाचं काय बोलू. पंप लपवून ठेवल्यामुळं लग्नाच्या मांडवात होमाच्या धुरात अटॅक आलेली मुलगी कुणी बघितली नसेल तर मला विचारा.

मासळीच्या औषधाला मृगाच्या सुमाराला हजारो लोक जातात, आपल्याकडनंही जातात. त्यानं दमा बरा होतो असा पुरावा नाही. श्रद्धेनं जायचंच असेल तर जा, पण पंप पिशवीत घेऊन जा, आणि तिथनं आल्यावर बंद करू नका, माझ्याकडे येणारी वाईट केस बहुतेक वेळा हीच असते, "आता बरं होणार म्हणून बंद केला".

पाचटाचा धूर हा तंबाखूचा नसला तरी बारीक कण तेच, नळीच्या टोकापर्यंत जाणारे. गाळप हंगामात शेजारच्या मळ्यात कधी पेटवणार ते आधी विचारून ठेवा, त्या संध्याकाळी खिडक्या बंद, मुलगी आतल्या खोलीत, आणि रोजचा पंप त्या चार महिन्यांत एक दिवसही चुकवायचा नाही. तुमचं स्वतःचं शेत असेल तर पाचट कुजवा, जमिनीलाही बरं. घरात मच्छर अगरबत्ती आणि उदाची धुरीही बंद, तो पण धूरच, देवाला एक उदबत्ती लावायची तर ती बाहेर तुळशीपाशी.

प्रश्न : अपार्टमेंटमध्ये खालच्या मजल्यावरचे काका बाल्कनीत ओढतात, धूर सरळ आमच्या मुलीच्या स्टडी टेबलावर. पोलिसात जाता येतं का? (बेळगाव)

उत्तर : सार्वजनिक ठिकाणी ओढायला २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर बंदी आहे, कर्नाटकात आता दंड हजार रुपयांपर्यंत. पण स्वतःच्या घरात, बाल्कनीत ओढणाऱ्याला हा कायदा धरत नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय घ्या. त्याआधी एक दिवस काकांना चहाला वर बोलवा आणि त्या टेबलापाशी बसवा, खालच्या कुणाला तरी पेटवायला सांगून. कुणाचं नाव घ्यायला लागत नाही. टेबल तेवढं दुसऱ्या भिंतीला हलवा मात्र आजच.

प्रश्न : स्पेसर आमच्या गावातल्या मेडिकलला मिळत नाही. नुसता पंप मारला की अर्धं औषध घशातच बसतं असं वाटतं. काय करायचं?

उत्तर : वाटतं नव्हे, बसतंच. बेळगावला कुणी येणार असेल तर आणायला सांगा, तोवर अर्ध्या लिटरची रिकामी प्लास्टिकची बाटली घ्या. बुडाला पंपाच्या तोंडाएवढंच भोक पाडा, तार तापवून त्या आकाराची केली की नीट पडतं, सैल झालं तर कडेनं चिकटपट्टी. बाटलीचं तोंड पोराच्या ओठांत, पंप हलवून बुडातनं एक पफ, आणि सावकाश चार-पाच श्वास आत-बाहेर. दुसरा पफ हवा असेल तर परत हलवून, दोन एकदम मारायचे नाहीत. साबणाच्या पाण्यानं धुवायची, फडक्यानं पुसायची नाही, पुसली की आत औषध चिकटायला लागतं, तशीच उलटी करून वाळू द्यायची.